बत्तीस रेघा

मार्च उजाडला की मला अजून परीक्षेला बसायचं असल्यासारखं होतं. शेवटची परीक्षा देऊन पन्नासहून अधिक वर्षं झाली, आता माझी कोण कसली परीक्षा घेणार? पण ऊन तापायला लागलं, गच्च्यांवर सांडगे-पापड वाळायला पडले, पुस्तक छातीशी धरून पुटपुटत फेऱ्या मारणारी पोरं दिसायला लागली, की माझे तळहात ओले होतात. ह्या दिवसांत लोकांना आमरस आठवतो, मामाचा गाव आठवतो. मला भीती आठवते. एकवीस वर्षांच्या मुलीची ती भीती तशीच ताजी आहे, माझं वय वाढलं, तिचं नाही.

परवा नात अभ्यास सोडून मोबाईलशी खेळत बसली होती. इरा दहावीला आहे. कुठलीशी कळ दाबून धरली की आतून आणखी चिन्हं बाहेर येतात, ती मला दाखवत होती. चांदणी आली. कट्यार आली, मग दुहेरी कट्यार. उलट्या प्रश्नचिन्हाला ती खूप हसली. "आजी, ही चिन्हं कोण वापरतं गं? कशाला केली असतील?" मी सांगायला तोंड उघडणार, तोच तिनं पुढं सरकवलं आणि पडद्यावर एक हात आला. मूठ मिटलेला, एक बोट पुढं केलेला, शर्टाच्या बाहीसकट. ☞

माझ्या कपातला चहा बशीत सांडला. "काय झालं?" म्हणून तिनं विचारलं. वय झालं, म्हटलं. खोटं बोलले.

लक्ष्मीपुरीच्या मागच्या बोळात एक छापखाना होता. मी तिथं मुद्रितं, म्हणजे प्रुफं, तपासायला होते. मॅट्रिक होऊन घरी बसलेली मुलगी, अक्षर बरं, शुद्धलेखन पक्कं, म्हणून मालकांनी बाबांना विचारून मला ठेवून घेतलं. मालकांना सगळे तात्या म्हणत. बाबा गणिताचे मास्तर होते, आणि हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढच्या सगळ्या भीतीचं मूळ तिथंच आहे.

छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायला दस्तगीरचाचा होते. तीस वर्षं त्यांनी तेच काम केलं होतं. खिळ्यांच्या लाकडी खणांसमोर उभे राहत, नजर हस्तलिखितावर, आणि उजवा हात आपला आपण खणाखणांतून फिरत असे. शिसं, रॉकेल आणि शाई ह्यांचा वास त्यांच्या सदऱ्याला कायम चिकटलेला. खालच्या एका खणात ज्यांचं काम वर्षातून एकदा पडायचं, असे चिल्लर खिळे पडून असत. जेवणाच्या सुट्टीत चाचा त्यांतला एखादा काढायचे, बोटानं शाई लावायचे आणि कागदाच्या चिटोऱ्यावर अंगठ्यानं दाबून मला द्यायचे. मी तो खळीनं पिशवीतल्या वहीत चिकटवायची. चिन्हांची वही, असं मी तिला नाव दिलं होतं.

"ही कट्यार," चाचा म्हणायचे. "ही नगं चिकटवू, वंगाळ हाय."

"का हो?"

"विंग्रजीवाले मयत मानसाच्या नावाम्होरं लावत्यात हिला. आपल्याला काय करायचीय?"

मी अर्थातच चिकटवली. पुढं कित्येक वर्षांनी वाचनालयात बसून मी ह्या चिन्हांची कुळं शोधली, तेव्हा कळलं की कट्यारीचं काम आधी वेगळंच होतं. फार जुन्या काळी ग्रीक पंडित काव्यांच्या प्रती तपासताना, ही ओळ मूळ कवीची नसावी असं वाटलं की तिच्या शेजारी एक आडवी रेघ मारत. त्या रेघेतून हळूहळू कट्यार झाली. मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. ज्या ओळीचा संशय यायचा, ती ते खोडून टाकत नसत. खूण करून ओळ तिथंच राहू देत. संशय घेतला म्हणून लगेच हाकलून द्यायचं नाही, एवढी सभ्यता त्या माणसांना होती.

आमच्या छापखान्यात ती नव्हती.

तात्यांच्या वडिलांनी जपलेले मोडी कागदांचे रुमालात बांधलेले गठ्ठे माळ्यावर होते. एकदा साफसफाईत मी ते पाहिले. आधी पानभर आडव्या रेघा ओढून घेतलेल्या, मग त्यांना टांगल्यासारखी अक्षरं. कुठं थांबा नाही, कुठं श्वास नाही, शब्द कुठं संपला तेही वाचणाऱ्यानंच ठरवायचं. स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह ही आपल्याकडं साहेबाबरोबर आणि छापखान्याबरोबर आली. त्याआधीही लोक घाबरत असतील, विचारत असतील, ओरडत असतील. फक्त त्याची खूण करत नव्हते. पोथ्यांत मात्र सुटलेलं अक्षर घालायला काकपद असायचं. ओळीच्या खाली कावळ्याच्या पायासारखी छोटी खूण, म्हणजे इथं काहीतरी राहून गेलंय, समासात बघा. मुद्रितं तपासताना मी दिवसाला शंभरदा ती खूण करत असे. मला ती छान जमायची.

परीक्षेचा हंगाम आला की छापखान्याचं रूप पालटायचं. जिल्ह्यातल्या बऱ्याच शाळांनी मिळून एक संघ केला होता, त्यांच्या वार्षिक परीक्षेचे पेपर आमच्याकडं छापायला येत. गारगोटीपासून नेसरीपर्यंत एकाच दिवशी एकच पेपर. पंधरा दिवस लग्नपत्रिका बंद, हँडबिलं बंद, बाहेरच्या माणसाला आत यायला बंदी. संध्याकाळी घरी जाताना दारात तात्या स्वतः उभे राहून प्रत्येकाची पिशवी उलटी करून बघत. माझे बाबा मास्तर, म्हणून मला गणिताच्या पेपराला हात लावायची मनाई होती. तो तात्या आणि चाचा दोघंच बघत. घरीही आमचा करार होता. त्या पंधरवड्यात जेवताना बाबांनी छापखान्याबद्दल विचारायचं नाही आणि मी बोलायचं नाही. आम्ही दोघं नुसतं आमटीबद्दल बोलत असू.

आतल्या खोलीच्या दारावर तात्या खडूनं एक आकडा काढत. ७४॥. साडेचौऱ्याहत्तर. त्यांच्या कागदाच्या मारवाडी व्यापाऱ्याकडून ते शिकले होते. मारवाडी लोक खाजगी पत्रावर हा आकडा घालतात. चितोडच्या युद्धात पडलेल्या वीरांची जानवी गोळा केली, ती साडेचौऱ्याहत्तर मण भरली म्हणे. ज्याचं पत्र नाही त्यानं ते उघडलं, तर तेवढ्या हत्येचं पाप त्याच्या माथी. मी पहिल्या वर्षी हे ऐकून हसले होते. तात्या हसले नाहीत.

"हसू नकोस शालू," ते म्हणाले. "कुलपाला किल्ली मिळती. ह्याला मिळत न्हाई."

आता हौसाक्का. ती छापखान्यात झाडलोट करायची, शाईचे रूळ पुसायची, पाणी भरायची. चाळिशीची, उंच, आवाज असा की बोळाच्या तोंडाशी ऐकू यावा. परीक्षेच्या दिवसांत तिच्याकडं एक जोखमीचं काम असायचं. तपासून झालेली प्रुफं टोपलीत पडत. ती मागं तात्यांच्या घरातल्या न्हाणीघरात न्यायची आणि बंबात घालायची. त्या पंधरवड्यात तात्यांच्या घरी इतिहास-भूगोलावर पाणी तापायचं. तिला अक्षर ओळखीचं नव्हतं, म्हणूनच हे काम तिला दिलं होतं. किती प्रुफं काढली ते तात्या पाटीवर लिहीत. हौसाक्काचा आपला वेगळा हिशेब. बंबामागच्या भिंतीवर ती कोळशानं रेघ ओढायची. एक कागद बंबात, एक रेघ भिंतीवर. पाच झाल्या की वरून एक आडवी. संध्याकाळी तात्या पाटी घेऊन न्हाणीघरात जात, रेघा मोजत, दोन्ही जुळलं की भिंत पुसायला सांगत. तीन वर्षं रोज जुळत होतं.

त्या बुधवारी गणिताचा पेपर छापायला घेतला होता. ऐन वेळी त्यातले दोन प्रश्न बदलले. चाचांनी तेवढेच दोन जुळवले आणि त्यांचं तळहाताएवढं छोटं प्रूफ काढलं. पहिलं पुसट आलं, म्हणून दुसरं काढलं. दुसरं तात्यांनी वाचलं आणि टोपलीत टाकलं. पहिलं चाचांच्या खणांच्या कडेला पालथं पडून राहिलं. पाटीवर दोन्ही लिहिलेली होती.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत चाचा खुशीत होते. पुण्याहून नवे खिळे आले होते, त्यांत एक हात होता. "बग शालू, काय नामी हात हाय! भाईसकट! गुंडीबी हाय बग भाईला!" त्यांनी शाई लावली, शेजारचा कागद ओढला, त्याच्या कोऱ्या पाठीवर हात दाबला आणि मला दिला. छापखान्यात कोरी पाठ कधी कुणी वाया घालवत नाही. वर्षातले साडेअकरा महिने जुन्या प्रुफांच्या पाठीवरच ते मला ठसे काढून देत. तीस वर्षांची सवय. त्यांनी कागद उलटून पाहिला नाही, मीही पाहिला नाही. शाई ओली होती म्हणून मी तो बोटांच्या टोकांनी धरला, तिथंच खळ लावून वहीत चिकटवला आणि फुंकर मारत बसले.

संध्याकाळी पाटीवर तेहतीस होते. भिंतीवर बत्तीस.

तात्यांनी रेघा तीनदा मोजल्या. मग टोपली झटकली, यंत्राखाली वाकून बघितलं, बंबातली राख चिमट्यानं उकरली. त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि तो ते पुसत नव्हते. पेपर फुटला तर काम जाईल, अब्रू जाईल, पोलीस येतील. सगळं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. दाराला आतून कडी घातली. सगळ्यांच्या पिशव्या उलट्या झाल्या, चाचांची टोपी झटकून झाली. माझ्या पिशवीतून डबा निघाला, रुमाल निघाला, वही निघाली. तात्यांनी वही पान-पान उलटली. हाताच्या पानावर थांबले. ओल्या खळीनं कागद थोडा फुगला होता, तो त्यांनी सवयीनं अंगठ्यानं दाबून बसवला.

"हा नवा हात बरा आलाय," म्हणाले, आणि वही परत दिली.

घरी जाताना मी बेफिकीर होते. कुणाचं नाव येतंय कोण जाणे, असं म्हणत होते.

गुरुवारी संघाचे सेक्रेटरी येऊन गेले. बोळात कुजबुज सुरू झाली. गारगोटीच्या बाजारात गणिताचा पेपर विकत मिळतोय, असं कुणीतरी बोललं. त्यात काही तथ्य नव्हतं, पण अशा बोलण्याला पाय फुटायला वेळ लागत नाही.

शुक्रवारी सकाळी शाळेत जायच्या आधी बाबा अंगणात दाढी करत होते. मी खिडकीत बसून वही चाळत होते. पूर्वेचं ऊन थेट पानावर पडलं. हातावर पडलं, आणि हाताच्या मागून काहीतरी काळं उजेडात उमटलं. उलटी अक्षरं. सर्वसामान्य माणसाला ती नुसती काळी किडामुंगी दिसली असती. माझ्या डोळ्यांना दोन वर्षांत खिळे वाचायची सवय झाली होती, मला उलटं सुलट्याइतकंच पटकन वाचता येत होतं. प्र. ५. एका आयताची लांबी त्याच्या रुंदीच्या.

पुढचं मी वाचलं नाही. मला आठवतं, त्या क्षणी मला सगळ्यात आधी दारावरचा खडूचा आकडा दिसला, मग पोलीस दिसले, मग बाबा दिसले, आरशात एक गाल साबणाचा आणि एक कोरा. गणिताच्या मास्तरांच्या घरात गणिताचा पेपर. ज्या मुलीला त्याला हात लावायची बंदी, तिच्याच वहीत. चाचांनी दिला म्हणून सांगितलं तर कोण विश्वास ठेवेल? आणि ठेवला, तर चाचांचं काय?

"काय बघतीस गं एवढं?" बाबांनी बाहेरून विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं.

मी वाटीत पाणी घेतलं. पानावर बोटांनी पाणी लावून लावून तो कागद सोडवला. वहीचं पानही थोडं सोलवटलं. आमच्या बंबात निखारे होते. ओला कागद लवकर पेटेना. आधी प्रश्न जळले, मग बाही, मग मूठ. बोट सगळ्यात शेवटी गेलं. पोथ्या लिहिणारे चुकीच्या अक्षरावर पिवळा हरताळ फासत, म्हणजे ते कायमचं झाकलं जायचं. मी त्या सकाळी खऱ्या गोष्टीवर हरताळ फासला, आणि नंतर आंघोळ करून कामावर गेले.

छापखान्यात सेक्रेटरी खुर्चीवर बसले होते, मांडीवर काळी बॅग. प्रश्न पुन्हा काढू, पेपर पुन्हा छापू, असं ठरलं होतं. काम आमच्याकडंच राहणार होतं, पण एका अटीवर. कुणामुळं झालं त्याचं नाव पाहिजे आणि तो माणूस उद्यापासून इथं दिसता कामा नये. तात्यांनी हौसाक्काला बोलावलं.

"हौसा, तू कागद कुणाला दिलास?"

"मी कुनाला देऊ? मला त्यातलं काय कळतंय?"

"मग गेला कुठं?"

"माझ्याकडं आलाच न्हाय की तात्या! या, भित्त बगा. पुसल्याली न्हाय मी. बत्तीस आलं, बत्तीस रेगा हायत्या. आला असता तर वडली असती."

"अगं, एखादी रेघ राहिली असंल तुझी."

"माझी ऱ्हात न्हाय!" ती एवढ्या मोठ्यानं बोलली की सेक्रेटरींनी बॅग घट्ट धरली. "तीन वरसं कवा ऱ्हायलीया का? तुमच्या पाटीचं तुमी बगा. माझी भित्त खोटं बोलत न्हाय!"

"कोळशाच्या रेघांवर कोण विश्वास ठेवतो?" सेक्रेटरी म्हणाले.

मी दहा पावलांवर उभी होते. हातात पेन्सिल होती. दिवसाला शंभरदा मी काकपद काढत होते, इथं काही राहून गेलंय म्हणून सांगत होते. त्या वेळी फक्त एक वाक्य समासातून आत आणायचं होतं. ते मी आणलं नाही. मला इतकी भीती वाटत होती की मला हौसाक्का नीट दिसतही नव्हती. मी चाचांकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. तेवढ्यावरून मला कळलं की त्यांना माहीत आहे. मग ते आपल्या खणांकडं वळले आणि त्यांचा हात खिळे उचलायला लागला. एरवी न बघता चालणारा तो हात त्या दिवशी दोनदा चुकला.

हौसाक्कानं आपला डबा उचलला, पायरीवरची चप्पल घातली. जाताना ती रडली नाही, कुणाच्या पाया पडली नाही. "येते" असंही म्हणाली नाही. दुपारी तात्यांनी न्हाणीघराच्या भिंतीला चुना लावून घेतला.

पेपर झाले. निकाल लागले. बाबांच्या शाळेचा गणिताचा निकाल चांगला लागला आणि त्यांनी पेढे आणले, तेव्हा मला पेढा खाववला नाही. ह्या सगळ्या दिवसांत मी आणि चाचा एकमेकांशी कामापुरतं बोलत होतो. दारावरचा आकडा पुसला होता तरी मला तो दिसायचा. बाबांना साधं पडसं झालं तरी वाटायचं, लागलं पाप. एप्रिलच्या शेवटी एका दुपारी छापखान्यात आम्ही दोघंच होतो. बाहेर वळवाचं आभाळ आलं होतं.

"चाचा," मी म्हटलं, "तो हात..."

"जाळलास न्हवं?"

"जाळला."

त्यांनी हातातला खिळा फडक्यानं पुसला. "मला त्याच दिशी सांजच्याला उमगलं हुतं. खनाच्या कडंला बगितलं, चिटोरं न्हाय. तात्या तुझी वही चाळत हुते तवा माझा जीव गेलता. मग तू न्हेलीस घरला. रोज वाटायचं, आज सांगंल ही पोरगी. आज सांगंल."

"मला वाटायचं तुम्ही सांगाल."

"भ्यालो बग मी. तीस वरसं हितं काढली, म्हातारपनी चोर म्हनून कुटं जाऊ? तूबी भ्यालीस." त्यांनी फडकं खाली ठेवलं. "ती तेवडी न्हाय भ्याली. म्हनून तिलाच जावं लागलं."

त्यांनी माझी समजूत काढावी असं मला वाटत होतं. काढली नाही, आणि बरोबरच केलं. त्यानंतर त्यांनी मला एकही ठसा दिला नाही आणि मीही मागितला नाही.

हौसाक्का कबनूरला भावाकडं गेल्याचं कळलं होतं. जायला मला दोन वर्षं लागली. तोपर्यंत माझं लग्न ठरलं होतं, आणि हे ओझं घेऊन दुसऱ्या घरात शिरायची मला भीती वाटली. म्हणजे तेही मी तिच्यासाठी केलं नाही, माझ्यासाठीच केलं. पत्ता विचारत गेले तर एका पत्र्याच्या शेडमध्ये ती मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसलेली. शेजारी वीसेक यंत्रमाग धडाधड चालू. केस पांढरे झाले होते, सुताचे तंतू त्यांत अडकले होते. मी वाटेत मनात जुळवलेली वाक्यं अगदी हळू आवाजातली होती. तिथं हळू बोलायची सोयच नव्हती.

"काय म्हनतीस?" ती ओरडली.

"तो कागद माझ्याकडं होता!" मी ओरडले. "माझ्या वहीत! मला माहीत नव्हतं, मग कळलं, आणि मी बोलले नाही!"

मागावरच्या दोन माणसांनी वळून बघितलं. हौसाक्कानं कांडी काढली, दुसरी लावली. तिच्या मागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा होत्या, पाच-पाचच्या जुड्या, वरून आडवी.

"तात्यास्नी सांगितलंस?"

मी मान हलवली. नाही.

"मग मला कशाला सांगाया आलीस, पोरी?" ती ओरडली नाही, पण मला ऐकू आलं. "मला म्हाईतच हुतं की. माझ्या रेगा बरुबर हुत्या."

तिनं मला बसायला पोतं दिलं, पोराकडून चहा मागवला. लग्न कुठं ठरलं ते विचारलं. निघताना कपाळाला हळदकुंकू लावलं.

एसटीतून उतरले ती सरळ छापखान्यात गेले. तात्या पाटीवर काहीतरी लिहीत होते. "काय गं?" म्हणाले. मी त्यांच्यापुढं उभी राहिले. भिंतीवर चुना होता. आतल्या दारावर नवा मार्च आला म्हणून नवा आकडा काढलेला होता. "काही नाही," मी म्हटलं. "पत्रिका कधी छापायला टाकायची, विचारायचं होतं." माझ्या लग्नपत्रिकेचे खिळे चाचांनीच जुळवले. कडेनं वेलबुट्टी घातली. हात कुठंही नव्हता.

आता वाचनातून मला ठाऊक झालंय की परिच्छेदाच्या सुरुवातीला आपण जी कोरी जागा सोडतो, तीसुद्धा एक हरवलेली खूण आहे. जुन्या युरोपात तिथं तांबड्या शाईनं एक चिन्ह काढायचे. लिहिणारा जागा सोडून ठेवायचा, तांबड्या शाईचा माणूस मागून यायचा. कधी तो यायचाच नाही. चिन्ह राहून जायचं आणि जागा तशीच राहायची. पुढं चिन्ह गेलं, जागा उरली. आणि अक्षरांच्याही कितीतरी आधी माणसानं हाडावर, दगडावर नुसत्या रेघा ओढल्या होत्या, एका वस्तूला एक रेघ. हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून ठेवलं. चिन्हांच्या सगळ्या कुळाची थोरली बाई तात्यांच्या न्हाणीघरात कोळसा घेऊन उभी होती, आणि आम्हा सगळ्या शिकलेल्यांनी तिला खोटं ठरवलं होतं.

परवा त्याच संध्याकाळी इरानं माझी चिन्हांची वही शोधून काढली. पानं उलटत एका पानावर थांबली. तिथं काही नाही. खळीचा पिवळट चौकोन आहे, कडेनं कागद सोलवटलेला. "इथं काय होतं, आजी?"

माझे तळहात ओले झाले. तात्या जाऊन वीस वर्षं झाली, चाचा त्याच्या आधी गेले. बाबा तर केव्हाच. खिळे भंगारात निघाले. हौसाक्का असेल की नाही, मला माहीत नाही. असली तरी तिला माझ्या सांगण्याची गरज नाही, ते तिनं तेव्हाच सांगितलंय. ज्याला घाबरायचं असं कुणीच उरलेलं नाही, तरी मी घाबरते आहे, आणि घाबरत घाबरतच लिहिते आहे. जिथं सांगायचं तिथं सांगितलं नाही, म्हणून आता जो वाचेल त्याला सांगते. त्या बुधवारी हौसाक्काकडं बत्तीस कागद आले आणि तिनं बत्तीस रेघा ओढल्या. तेहतिसावा माझ्या वहीत होता.